पेन्सिलीचे दोन कंस

शांतवन साळवे गेला ही बातमी मला पादरी नंद यांच्या मेसेजवरून कळली, आणि दुःखाच्या आधी मला राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. दुपारचे बारा वाजले होते, तहसील कचेरीतल्या आमच्या नकल शाखेच्या खिडकीवर नेहमीची रांग होती, आणि फोनवर पांढऱ्या फुलांच्या चित्राखाली हिंदीत लिहून आलं होतं की 'विश्वास के अटल स्तंभ, वचन के निडर सेवक रेव्हरंड शांतवन साळवे आज सुबह प्रभु में सो गए'. मी ते तीनदा वाचलं. अटल स्तंभ! रायपूरच्या पाळकांच्या ज्या मंडळानं दीड वर्षापूर्वी शांतवनला वेदीवरून खाली उतरवलं, त्या मंडळाचे अध्यक्ष हेच पादरी नंद. चर्चच्या आवारातलं घर महिन्याभरात रिकामं करा, ही चिठ्ठीही त्यांच्याच सहीची. खिडकीपलीकडचा माणूस 'बाबूजी, मेरा कागज़' म्हणत होता, त्याच्यावर मी विनाकारण खेकसलो. मग स्कूटर काढली आणि पंडरीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्यांतून वाट काढत, शांतवनच्या भाड्याच्या दोन खोल्यांपाशी पोचलो. रुथवहिनी, त्याची बायको, दारातच बसल्या होत्या. "भाऊजी, चहा पीत बसले होते. कप हातातच होता," एवढंच म्हणाल्या.

शांतवनची आणि माझी ओळख याच खिडकीवर झाली, त्याला बावीस वर्षं झाली. चर्चच्या कब्रस्तानच्या जमिनीची नक्कल काढायला तो आला होता. कागद सापडत नव्हता, मी वैतागून स्वतःशीच "काय कटकट आहे सकाळी सकाळी" म्हणालो, तर खिडकीतून आवाज आला, "कटकट नाई बापा, नकल पायजे." रायपुरात रांगेत उभा असलेला माणूस अचलपूरकडच्या मराठीत उत्तर देईल अशी माझी कल्पना नव्हती, आणि हा उंच, सावळा, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस पाळक असेल अशी तर मुळीच नव्हती. मी नागपूरच्या देशकरांपैकी, घरी रोज देवपूजा होते. पण परक्या गावात भाषा भेटली की माणूस बाकीचं विचारत बसत नाही. त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा तरी ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घरी चहाला येऊ लागला. मला तो नकलबाबू म्हणायचा, मी त्याला पाळकबुवा. आमच्या पोरी त्याला हिंदीतून उत्तर द्यायच्या आणि तो हट्टानं मराठीतूनच बोलत राहायचा. कानामागे नेहमी एक पेन्सिलीचा तुकडा आणि सदऱ्याच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. दिसेल तिथे बसून टोक काढायचा आणि साली आमच्या अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत टाकायचा. त्यावरून आमच्या हिनं त्याला कितीदा झापलं असेल!

त्या चहाच्या वेळी एकदा मी त्याला विहिरीची गोष्ट सांगितली. आता वाटतं, सांगितली नसती तर बरं झालं असतं. आमच्या शाखेत एक जुनं प्रकरण आलं होतं. दोन भावांचं शेतावरून भांडण. एकाच्या हातातल्या नकलेत 'कुएँ सहित' असं लिहिलेलं, दुसऱ्याच्या नकलेत विहिरीचा उल्लेखच नाही. मूळ दस्त काढून पाहिला, तर त्यातही विहीर नव्हती. मग मधल्या नकला लावून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. कुणा एका नकलनवीसानं समासात, बारीक अक्षरात 'कुएँ सहित' लिहून ठेवलं होतं, आणि त्याच्यानंतरच्यानं ते समासातलं उचलून ओळीत आणून बसवलं होतं. शांतवन पेन्सिल तासायचा थांबला. "म्हंजे नकल करणारा खोटा होता?" मी म्हणालो, खोटा कशाला, त्याला वाटलं असेल राहून गेलंय, म्हणून लिहिलं. "आणि विहीर? विहीर होती का नाई?" मी हसलो. विहीर होतीच की. सगळं गाव तिथलं पाणी प्यायचं. विहीर जमिनीत होती, कागदात नव्हती. शांतवननं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "नकलबाबू, तू आज मले माझं प्रवचन देल्लं."

कारण त्याच्याही मनात एक असंच प्रकरण घोळत होतं. प्रभू येशूच्या चरित्रातला तो प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. व्यभिचाराच्या आरोपावरून एका बाईला पकडून आणतात, माणसं दगड घेऊन उभी असतात, प्रभू खाली वाकून बोटानं जमिनीवर काहीतरी लिहितो, ज्यानं पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा म्हणतो, आणि शेवटी एकेक जण निघून जातो. शांतवनचा हा सगळ्यांत लाडका प्रसंग होता. पण जुन्यात जुन्या हस्तलिखितांत तो सापडत नाही. नंतरच्यांत सापडतो, त्यातही कुठे एका जागी, कुठे दुसऱ्याच जागी. म्हणून शांतवनच्या घरच्या पवित्र शास्त्राच्या मराठी प्रतीत तेवढा भाग चौकटी कंसात छापलेला होता आणि खाली बारीक टीप होती. रायपूरच्या वेदीवरची प्रत हिंदी. त्यात ना कंस, ना टीप. शांतवननं त्या मोठ्या प्रतीत पेन्सिलीनं दोन कंस काढले, एक सुरुवातीला, एक शेवटी. त्याचं म्हणणं इतकंच होतं की हा कागद मागून जोडला गेला असेल, पण गोष्ट खरी असू शकते, आणि माझी तर श्रद्धा आहे की ती खरीच आहे. फक्त मी लोकांना दोन्ही सांगणार. मी एकदा त्याला विचारलं, प्रभूनं जमिनीवर लिहिलं तरी काय? तो म्हणाला, "तेच तर. त्याच्या हातचं तेवढंच एक लिहिणं, आणि त्याची नकल कोणापाशी नाई."

आणि मग तो रविवार आला. हिंदी उपासना, हिंदी वाचन, पण माणूस पडला वऱ्हाडी. प्रसंगाच्या सुरुवातीला पोचल्यावर त्यानं मान वर करून सांगितलं, "यहाँ कंस शुरू होता है." वाचून झाल्यावर, "यहाँ कंस समाप्त." आता आपल्याकडे शाळेतल्या पोराला विचारा, कंस म्हणजे गणितातला कंस. हिंदीत त्याला कोष्ठक म्हणतात. हिंदीत कंस एकच, मथुरेचा, भाचरांना मारणारा. बाकांवर कुजबुज सुरू झाली. उपासना संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं दारात त्याला गाठून विचारलं, "पास्टर जी, कंस मामा हमर किताब मा कब आइस?" शांतवननं आमच्या ओसरीवर बसून मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तो म्हणाला, "मी त्या मायले बसवून सगळं समजावून सांगितलं. पेन्सिल दाखवली, चिन्ह दाखवलं. तर म्हणते, हव, समझ गेंव, पर कहानी बने हे, एला झन निकालबे." म्हणजे गोष्ट छान आहे, ही काढू नकोस. तिला कंस समजला, विहीरही समजली. पंधरा मिनिटं लागली, बस.

पण तिसऱ्या दिवशी मंडळाकडे लेखी तक्रार गेली की आराधनेत पवित्र वेदीवरून कंसाचं नाव घेतलं गेलं. अर्ज कुणी लिहिला ते मला माहीत आहे, मी त्याचं नाव लिहिणार नाही, त्याला तेवढंही देण्याची इच्छा नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे. तोवर कंस म्हणजे काय हे मंडळातल्या प्रत्येकाला कळलेलं होतं. शांतवननं स्वतः जाऊन सांगितलं होतं, हसून माफीही मागितली होती. तरी चौकशीच्या पत्रात पहिला आरोप तोच राहिला. खोटा आहे हे माहीत असून राहू दिला, कारण दिसायला भरीव दिसत होता!

चौकशीची बैठक एका शनिवारी सकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये झाली. शांतवनची गाडी बंद पडलेली, म्हणून मी स्कूटरवर सोडायला गेलो आणि कुणी उठवलं नाही म्हणून मागच्या बाकावर बसून राहिलो. अकरा पाळक होते. मी कचेरीत पुष्कळ वाद ऐकले आहेत, पण एवढे शिकलेले लोक एवढे घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. पादरी नंद बोलायला उठले. माणसाचा आवाज चांगला आहे, हे मला मान्य करावंच लागेल. म्हणाले, वचनाची राखण पवित्र आत्म्यानं केली आहे. शेकडो वर्षं मंडळी जे वाचत आली, गुडघे टेकून ज्याच्यावर रडली, तोच त्याच्या खरेपणाचा दाखला. "आज एक कोष्ठक, कल पूरा पन्ना. जिस माँ ने बेटा खोकर इसी पन्ने के सहारे दिन काटे, उसको क्या बोलोगे, साळवे जी?" शांतवन बसल्या जागेवरून म्हणाला, "सच बोलूँगा. और फिर उसके पास बैठूँगा." नंद म्हणाले, बाहेर दिवस कसे आहेत ते पाहा, लोक आधीच आपल्यावर बोट रोखून आहेत, त्यांच्या हातात आपणच कागद द्यायचा का? या प्रश्नात दम होता, मी नाही म्हणत नाही. शांतवन उभा राहिला. "दूसरी प्रतियों में टीप छपी हुई है, कोई भी पढ़ लेगा. एक दिन बाहर का आदमी वो टीप लेकर अम्मा के दरवाजे पर आएगा. अम्मा पहली बार उसके मुँह से सुने, इससे तो अच्छा है मेरे मुँह से सुने." मग त्यानं विहिरीची गोष्ट सांगितली. माझ्याकडे बोट दाखवून, माझं नाव घेऊन सांगितली. विश्वास विहिरीच्या पाण्यावर आहे, नकलनवीसाच्या अक्षरावर नाही. आणि बुद्धी देवानंच दिली आहे, ती चर्चच्या दारात चपलांसोबत काढून ठेवायला सांगू नका.

मग एक वयस्क पाळक, चेहऱ्यानं अगदी भला माणूस, समजुतीच्या सुरात म्हणाले, "साळवे जी, ये सब तो हम लोगों को कॉलेज में पढ़ाया गया था. सबको मालूम है. मंडली को बताने की क्या ज़रूरत?" आणि अकरापैकी सात-आठ माना हलल्या. हलल्या म्हणजे होकारानं हलल्या! मी मागच्या बाकावर ताठ बसलो. म्हणजे इथे वाद कशाचा चालला होता? ज्या गोष्टीसाठी ते एका माणसाला उभं करून जाब विचारत होते, ती त्या सगळ्यांना ठाऊक होती. मला वाटलं, नंद आता तरी खाली बघतील. ते म्हणाले, "परमेश्वर के वचन को पटवारी के कागज़ से नापने वालों के लिए हम प्रार्थना करें." लोक हसले, टाळ्याही पडल्या. परत येताना शांतवन स्कूटरवर मागे बसला. घर आल्यावर उतरून एवढंच म्हणाला, "तुह्यावर हसले बापा. मले नाई हसले, याचं वाईट वाटून राहिलं."

मंडळानं नंतर एका ओळीचं निवेदन पाठवलं. पवित्र शास्त्र आज आपल्या हातात जसं आहे तसंच, एका अक्षराच्याही फरकाशिवाय, मूळ लेखकांच्या हातून उतरलं आहे असं मी मानतो. खाली सहीची जागा. सही केली तर वेदी परत, घर परत, सगळं पूर्वीसारखं. मुदत पंधरा दिवस. आणि इथे माझी लाज आहे, ती मी लपवत नाही. मी त्याला म्हणालो, करून टाक. एका ओळीनं काय बिघडतं? वहिनींकडे पाहा, या वयात घर कुठे शोधाल? शांतवननं पेन्सिल खाली ठेवली. "तू मारतोस काय शिक्का, मूळ न पाहता?" आमच्या शाखेत नकलेवर 'सत्य प्रतिलिपि'चा शिक्का असतो, त्याखाली माझी सही असते. मारले आहेत मी तसे शिक्के. रांग लांब असते, कपाट दूर असतं, साहेब घाईत असतात... त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. तो चिडला नाही. "तुह्या कागदानं फार तर एक शेत जाईल रे," म्हणाला, आणि चहा मागितला. पंधराव्या दिवशी त्यानं निवेदन परत पाठवलं. सही होती. पण 'एका अक्षराच्याही फरकाशिवाय' या शब्दांभोवती पेन्सिलीचे दोन कंस होते.

त्यानंतर पंडरीच्या दोन खोल्या. मधल्या दीड वर्षात तो दर रविवारी त्याच चर्चमध्ये जात राहिला, शेवटच्या बाकावर बसायचा. मी म्हणायचो, काहून जातोस तिथे अपमान करून घ्यायला? तो म्हणायचा, "मी त्याहीच्यासाठी नाई जात." पहिल्या महिन्यांत लोक बाकावर सरकून जागा करायचे. मग कुणीतरी सांगितलं असावं, हळूहळू त्या बाकावर तो आणि वहिनी दोघंच उरले. सिलतऱ्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी काही माणसं मात्र सुट्टीच्या दिवशी पंडरीच्या खोलीवर यायची, कुणाच्या घरी आजारपण, कुणाचं लग्न मोडलेलं. तो ऐकून घ्यायचा, प्रार्थना करायचा, चहा पाजायचा. पाळक म्हणवायचं नाही असा हुकूम होता, म्हणून ते लोक त्याला गुरुजी म्हणायला लागले. वेदीबद्दल तो फक्त एकदा बोलला. "तिथून वाचताना आवाज घुमते न बापा, त्याची आठवण येते." माणूस त्या आठवणीनं आतून झिजला, असं माझं मत आहे. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं आहे, लिहोत.

अंत्यविधी पादरी नंद यांनीच केला. वहिनींना कुणी विचारलंही नाही. ज्या जमिनीची नक्कल मी बावीस वर्षांपूर्वी शांतवनच्या हातात ठेवली, त्याच जमिनीत खड्डा खणलेला, आणि काठावर उभं राहून नंद सांगत होते की भाई साळवेंनी वचनाच्या एकेका अक्षराची रक्षा केली. ते वयस्क पाळकही होते, रुमालानं डोळे पुसत होते. मला त्या क्षणी ओरडून सांगायचं होतं की होय, केली, तुमच्यापासून केली! पण मी परका माणूस, दुसऱ्याच्या धर्माचं कब्रस्तान, समोर वहिनी. मी मूठभर माती टाकली आणि घरी आलो. तेव्हापासून महिना झाला, ते तिथे बोलायचं राहिलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

मागच्या मंगळवारी वहिनी म्हणाल्या, त्यांचा उपासनेचा झगा चर्चच्या आतल्या खोलीत राहिलाय, सोबत येता का? चौकीदार मंगलूनं कुलूप उघडलं. झगा मिळाला, खांद्यावर घडीची पिवळी रेघ पडलेला. परत निघताना वहिनी वेदीपाशी थांबल्या आणि ती मोठी हिंदी प्रत उघडली. पान त्यांना न शोधता सापडलं. कंस नव्हते. कुणीतरी रबरानं घासून खोडले होते, इतकं घासलं होतं की कागद तेवढ्या जागी खरखरीत झाला होता. मी मंगलूकडे पाहिलं. म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "मोला कहिन मिटा दे, त मिटा देंव साहब." वहिनींनी माझं बोट धरून पानावर टेकवलं. पेन्सिलीची खाच लागत होती. शांतवन दाबून लिहायचा.

मी खिशातून पेन काढलं. कचेरीतलं, काळ्या पक्क्या शाईचं. वहिनींनी माझा हात धरला. "पेन नको भाऊजी. ते काहून पेन्सिल वापरत, ठाऊक नाई तुमाले? म्हणत, उद्या जमिनीतून एखादी आणखी जुनी नकल निघाली अन् त्यात ही गोष्ट असली, तर मले खोडता आलं पायजे." मग पर्समधून त्यांनी तो तुकडा काढला, आता बोटाच्या पेराएवढा उरलेला, आणि पहिला कंस स्वतः काढला, अगदी खाचेवरून. दुसरा मला काढायला दिला. रागाच्या भरात मी इतकं दाबलं की टोक मोडलं. वहिनींनी कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड पुढे केलं. तिथेच, वेदीच्या पायरीवर बसून मी टोक काढलं, साली खिशात घातल्या, आणि कंस पुरा केला.

नंद साहेब, नागपूरच्या वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल ती रायपुरात दुसऱ्या दिवशी येते, तुमच्यापर्यंत कुणीतरी हे पोचवेलच. मंगलूला काही विचारू नका, त्यानं फक्त कुलूप उघडलं. पान शोधायचीही गरज नाही, खूण म्हणून झग्याचा एक दोरा आम्ही तिथेच ठेवला आहे. रविवारी तुम्ही तिथे पोचाल तेव्हा समोर अकरा पाळक नसतील, ती म्हातारी असेल, आणि तिला कंस म्हणजे काय ते माहीत आहे. वाचा, किंवा पुन्हा खोडा. पेन्सिलच आहे.